झाडाची वाढ मोजणारा माणूस : आचार्य जगदीशचंद्र बोस



३० नोव्हेंबर म्हणजे जगदीशचंद्र बोस यांची जयंती. शाळेत आपण फोटोला हार घालतो, दोन मुलं भाषण करतात, वनस्पतींना जीव असतो हे बोस यांनी सिद्ध केलं असं एक वाक्य हमखास येतं आणि कार्यक्रम संपतो. खरं म्हणजे ते वाक्यच अर्धवट आहे. झाडाला जीव असतो हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. बोस यांनी केलं ते वेगळं आणि जास्त अवघड होतं. ते आज सांगायचं आहे, आणि त्याला कारण आहे एक बाटली.

आमच्या वडसा-देसाईगंज परिसरात या दिवसांत धानाची कापणी होऊन बांध्यांत पुंजणे उभे असतात, रात्री झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झालेला असतो, आणि कृषी केंद्राच्या फळीवर समुद्रशेवाळाच्या अर्काच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. इफ्कोची सागरिका बहुतेकांना माहीत आहे. तशी आणखीही बरीच उत्पादनं मिळतात. पालक सभेत एका बाबांनी विचारलं, की समुद्र इथून शेकडो कोस लांब, मग तिथलं शेवाळ आमच्या आंब्याच्या कलमाला कसं काय लागू पडणार? आणि लागू पडलं हे ओळखायचं तरी कसं? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर देताना मला बोस यांचं सगळं आयुष्यच आठवलं. आधीच सांगून ठेवतो, बोस यांनी समुद्रशेवाळावर काम केलेलं नाही. पण झाडाला काही दिलं तर त्याच्या वाढीत नेमका काय फरक पडतो, हे मिनिटामिनिटाला मोजून दाखवण्याचं काम त्यांनी केलं. त्या बाबांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर तिथेच आहे.

मातृभाषेची शाळा

जगदीशचंद्र यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगाल प्रांतात मैमनसिंग येथे झाला. आज हा भाग बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र बोस सरकारी अधिकारी होते. त्या काळी मोठ्या हुद्द्यावरची माणसं मुलांना इंग्रजी शाळेत घालत. तीच प्रतिष्ठा समजली जाई. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला गावातल्या बंगाली शाळेत घातलं. आधी स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसं कळावीत, इंग्रजी नंतर येईलच, असा त्यांचा विचार होता.

त्या शाळेत छोट्या जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. त्यांच्याकडून त्याला पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी ऐकायला मिळत. शाळेत पोचवायला एक नोकर होता, तो पूर्वीचा दरोडेखोर. शिक्षा भोगून आल्यावर त्याला कुणी काम देईना, तेव्हा भगवानचंद्रांनी त्याला घरी ठेवून घेतलं. त्याच्या खांद्यावर बसून शाळेत जाणारा हा मुलगा वाटेत त्याच्या धाडसाच्या गोष्टी ऐकत असे. निसर्गाबद्दलचं कुतूहल आपल्याला या शाळेतल्या सोबत्यांकडून मिळालं, हे बोस यांनी मोठेपणी आवर्जून सांगितलं आहे.

पालकांनो, आज आपल्याकडेही जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाला ठेवायचं की इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवायचं, हा प्रश्न घराघरात आहे. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण जगाला नवं विज्ञान देणाऱ्या या माणसाचा पाया आपल्या भाषेतल्या शाळेत घातला गेला होता, एवढं लक्षात असू द्या.

केंब्रिज आणि तिथले गुरुजी

पुढे कलकत्त्याला सेंट झेवियर्स शाळा आणि कॉलेज झालं. तिथे फादर लाफाँ नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक प्रत्यक्ष प्रयोग करून शिकवत. बोस यांना प्रयोगाची गोडी त्यांनी लावली. १८८० साली ते डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेले, पण तापाने इतके बेजार झाले की वैद्यकीचा नाद सोडावा लागला. मग केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान घेऊन १८८४ मध्ये ते पदवीधर झाले.

तिथे त्यांना भौतिकशास्त्राचे लॉर्ड रॅले आणि वनस्पतिशास्त्राचे सिडनी व्हाइन्स व फ्रान्सिस डार्विन असे शिक्षक लाभले. हे फ्रान्सिस म्हणजे प्रसिद्ध चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव. बापलेकांनी मिळून रोपाचं शेंडं उजेडाकडे का वळतं यावर प्रयोग केले होते आणि १८८० साली त्यावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं होतं. उजेड जाणवतो टोकाला, पण वाकतो तो खालचा भाग. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो, असं त्यांना दिसलं. या निरोपाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

तीन वर्षे पगार घेतला नाही

१८८५ साली बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळचा नियम बघा. भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार. बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे एकाच कामाला गोऱ्या सहकाऱ्याच्या एक-तृतीयांश पगार.

बोस यांनी भांडण केलं नाही, नोकरीही सोडली नाही. त्यांनी फक्त पगाराला हात लावला नाही. घरची परिस्थिती काही फार चांगली नव्हती. लोकांसाठी उद्योग काढण्याच्या नादात वडिलांच्या डोक्यावर कर्ज झालं होतं. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, संसार सुरू झाला, तरी हा माणूस रोज जाऊन मनापासून शिकवत राहिला. असं तीन वर्षं चाललं. शेवटी कॉलेज नमलं. त्यांना कायम करून मागची सगळी रक्कम पूर्ण पगाराने दिली गेली. तो पैसा वडिलांचं कर्ज फेडायला उपयोगी पडला.

आपल्यातल्या ज्यांनी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढली आहेत, त्यांना या प्रसंगाची किंमत वेगळी सांगायला नको. अबलाबाईंचाही इथे उल्लेख हवा. त्या स्वतः मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या होत्या आणि पुढे मुलींच्या व विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी मोठं काम उभं केलं.

आधी बिनतारी लहरी, मग तेलाची बाटली

कॉलेजात प्रयोगशाळा अशी नव्हतीच. एका छोट्याशा खोलीत, देशी टिनकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून, स्वतःच्या पैशाने बोस यांनी उपकरणं बनवून घेतली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तारेशिवाय विद्युतलहरी पाठवून भिंतींच्या पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. दुसऱ्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. पदवी दिली. या शोधांवर पैसा कमवावा असं मात्र त्यांना वाटलं नाही. एक पेटंट झालं, तेही परदेशी हितचिंतकांच्या आग्रहाखातर.

याच काळातली एक गमतीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. १८९६ मध्ये केसांचं तेल बनवणाऱ्या एका बंगाली उद्योजकाने कथास्पर्धा ठेवली. अट अशी, की कथेत तेलाचं नाव यावं, पण जाहिरात वाटू नये. बोस यांनी एक कथा पाठवली. समुद्रात भयंकर वादळ उठतं, बोट बुडणार असं वाटतं, आणि कथेतला माणूस तेलाची बाटली पाण्यात ओततो तशी लाट शांत होते! तेलाच्या थराने पाण्याच्या पृष्ठभागावर काय घडतं, या विज्ञानावर रचलेली ही थट्टा होती. कथेला बक्षीस मिळालं. बंगालीतल्या पहिल्यावहिल्या विज्ञानकथांत ती गणली जाते. बाटलीवरची जाहिरात आणि बाटलीतलं विज्ञान यातला फरक या माणसाला चांगला कळत होता, असं म्हणायला हरकत नाही.

झाडांकडे वळल्यावर झालेला विरोध

लहरी पकडणाऱ्या उपकरणावर काम करताना बोस यांना दिसलं, की ते सतत वापरलं तर जणू थकतं आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजंतवानं होतं. निर्जीव धातू आणि सजीव स्नायू यांच्या प्रतिसादात साम्य असेल, तर मधल्या पायरीवरच्या वनस्पतीचं काय? इथून ते झाडांकडे वळले. लाजाळूपासून सुरुवात करून कोबी, गाजर अशा साध्या भाज्यांपर्यंत, प्रत्येक वनस्पती इजेला, उष्णतेला, औषधाला विजेच्या सूक्ष्म स्पंदनाने उत्तर देते, हे त्यांनी नोंदवलं.

१९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडलं. तिथल्या नामवंत शरीरशास्त्रज्ञांना ते रुचलं नाही. भौतिकशास्त्राच्या माणसाने आमच्या अंगणात येऊ नये, असा एकूण सूर होता. निबंध छापला गेला नाही. दुसरा कुणी असता तर त्याने माघार घेतली असती. बोस यांनी पुस्तकं लिहिली, एकामागून एक. १९०२, १९०६, १९०७ अशी. भगिनी निवेदितांनी या लेखनात मदत केली, रवींद्रनाथ टागोरांनी मित्र म्हणून पाठीशी उभं राहून पैशाची सोय बघितली. पण बोस यांना एक गोष्ट उमगली होती. नुसतं सांगून कुणी मानणार नाही. झाडाने स्वतःच्या हाताने आपली कहाणी लिहावी, आणि ती कुणालाही वाचता यावी, असं यंत्र हवं.

क्रेस्कोग्राफ : गणिताच्या तासाला सांगण्याजोगं यंत्र

आता थोडा हिशेब करू. समजा एक रोप दिवसाला १ सेंटीमीटर वाढतं. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे सेकंदाला वाढ मिलिमीटरच्या सुमारे ८,६०० व्या भागाइतकी. डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. पावसाळ्यात बांबूचे वास्ते बघता बघता वर येतात असं आपण म्हणतो, पण त्यांच्यापुढे तासभर बसून राहिलं तरी वाढ सरकताना दिसत नाही.

बोस यांचा उपाय तरफेचा होता. रोपाचा शेंडा दोऱ्याने तरफेच्या आखूड बाजूला बांधायचा. लांब बाजू शंभरपट लांब असेल, तर शेंड्याची हालचाल तिथे शंभरपट दिसते. त्या टोकाला दुसरी तशीच तरफ जोडली, की शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारपट. आपल्या उदाहरणातलं रोप आता सेकंदाला एक मिलिमीटरहून थोडं जास्त सरकताना दिसेल! टोकासमोर काजळी धरलेली काच, ती घड्याळाच्या यंत्राने ठरावीक वेळाने पुढेमागे हलते आणि टोकाला टेकून एकेक ठिपका उमटतो. ठिपके लांबलांब पडले तर वाढ जोरात, जवळजवळ आले तर मंद. पुढे चुंबकाचा उपयोग करून त्यांनी ही वाढ एक कोटी पटीपर्यंत मोठी करून दाखवली.

त्याहून हुशारीची त्यांची दुसरी रचना. रोप जितकं वर जातं तितक्याच वेगाने ते खाली उतरवायची सोय केली. मग रेघ सपाट येते. आता रोपाला काहीही द्या, खत, औषध, विजेचा झटका. वाढ वाढली तर रेघ एका बाजूला वळेल, घटली तर दुसऱ्या बाजूला. जे कळायला शेतात हंगाम जातो, ते काही मिनिटांत समोर येतं.

मात्रा : औषध केव्हा, विष केव्हा

या यंत्रावर बोस यांना जे दिसलं, ते आपल्या प्रत्येक शेतकरी पालकाला माहीत असायला हवं. एकच द्रव्य थोड्या मात्रेत वाढीला चालना देतं आणि मात्रा वाढली की तीच वाढ थांबवतं. आणखी वाढली तर रोप मरतं. ईथर, क्लोरोफॉर्म, कार्बन डायऑक्साइड, इतकंच काय, विषारी समजली जाणारी द्रव्यंसुद्धा अतिशय पातळ करून दिली तर काही वेळा वाढ वेगाने होते, असं त्यांना आढळलं. दुसरं म्हणजे, तीच मात्रा एका रोपाला मानवते आणि दुसऱ्याला नाही. रोप अशक्त आहे की सशक्त, त्याची आधीची स्थिती काय, यावर सगळं ठरतं.

एक झाकण लिहिलंय तर दोन टाकू, म्हणजे दुप्पट फायदा होईल, हा जो आपल्याकडचा हिशेब आहे ना, तो शंभर वर्षांपूर्वीच या ठिपक्यांनी खोटा ठरवला आहे.

नमस्कार करणारं झाड

फरीदपूरला एक तिरकं वाढलेलं खजुरीचं झाड होतं. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागली की ते जमिनीकडे झुके आणि सकाळी पुन्हा उठे. लोक त्याला नवस बोलू लागले, दर्शनाला गर्दी होऊ लागली. बोस यांनी लोकांची चेष्टा केली नाही आणि चमत्कारही मानला नाही. मालकाची समजूत घालून त्यांनी झाडाला आपलं नोंदयंत्र लावलं आणि रात्रंदिवस नोंद घेतली. तापमान वाढलं की झाड झुकतं, उतरलं की वर येतं, हे रेघेत स्पष्ट दिसलं. घंटेचा आणि झुकण्याचा संबंध इतकाच, की दिवसभराच्या उन्हाचा परिणाम पुरा व्हायला आणि आरतीची वेळ यायला एकच गाठ पडत होती.

दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असतेच असं नाही. हा धडा सातवीच्या मुलालाही समजतो. आणि औषध फवारलं, पंधरा दिवसांनी झाड हिरवंगार झालं, म्हणजे औषधानेच झालं असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसालाही तो लागू आहे. मधे पाऊस पडून गेला होता की नाही, हेही विचारायला हवं.

लंडनमधली परीक्षा

१९१५ मध्ये बोस नोकरीतून निवृत्त झाले आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन मंदिर उघडलं. आयुष्यभराची शिल्लक त्यात घातली; मुंबईहूनही मोठ्या देणग्या आल्या. इथे लागणारे शोध कुणाच्या मालकीचे नसतील, त्यांवर पेटंट घेतलं जाणार नाही, ते सगळ्यांचे असतील, असं त्यांनी उद्घाटनाच्या वेळीच जाहीर केलं.

१९२० मध्ये ते क्रेस्कोग्राफ घेऊन लंडनला गेले. एका जुन्या विरोधकाने वर्तमानपत्रातून जाहीर शंका घेतली, की हे यंत्र झाडाची वाढ दाखवतं की आणखीच काही? बोस यांनी शास्त्रज्ञांसमोर यंत्र मांडलं. तपासणाऱ्यांनी तपासलं आणि टाइम्स या वर्तमानपत्रात सह्यांनिशी लिहून दिलं, की दहा लाख ते एक कोटी पटीपर्यंत हे यंत्र वाढ बरोबर नोंदवतं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. एकोणीस वर्षांपूर्वी जिथे निबंध अडवला गेला होता, तीच ही संस्था. याच १९२० साली त्यांचं इंग्रजी चरित्र आलं. ते लिहिलं होतं पॅट्रिक गेडिस यांनी, जे तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते.

त्यांचं चुकलं कुठे?

थोरांचं चरित्र सांगताना आपण ही बाजू गाळतो, ती गाळू नका. मुळातून पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं, याचं उत्तर बोस यांनी असं दिलं, की खोडातल्या काही पेशी हृदयासारख्या धडधडून पाणी वर ढकलतात. पुढच्या शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. पानांतून बाष्प बाहेर जातं तेव्हा पाण्याचा सलग धागा वर ओढला जातो, हे स्पष्टीकरण आज मान्य आहे. पण झाडात विजेचे संदेश धावतात, हे त्यांचं म्हणणं आज जगभर अभ्यासलं जातं. म्हणजे जिथपर्यंत मोजमाप होतं तिथपर्यंत ते टिकले. जिथे अंदाज मोजमापाच्या पुढे गेला तिथे मागे पडले. विज्ञानात माणूस मोठा असला तरी ही सवलत नाही.

आता त्या बाबांच्या प्रश्नाकडे

डार्विन बापलेकांना जाणवलेला तो टोकाकडचा निरोप नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२६ नंतरच्या प्रयोगांत पकडला. ते एक रसायन निघालं, ऑक्झिन. जवळपास त्याच सुमारास जपानी शास्त्रज्ञ धानाच्या एका रोगाचा शोध घेत होते, ज्यात रोपं उगाच उंच वाढून लोळतात. त्यामागच्या बुरशीतून जिबरेलिन सापडलं. द्राक्षवाले ज्याला जीए म्हणतात तेच. पुढे १९५० च्या दशकात पेशींचं विभाजन वाढवणाऱ्या सायटोकायनिनांची ओळख पटली. शेतकरी या सगळ्यांना संजीवकं म्हणतात. ही अन्न नव्हेत, हे निरोप आहेत. म्हणून अगदी किंचित पुरतात.

समुद्रशेवाळाच्या अर्कात नत्र, स्फुरद फार थोडं असतं. पण त्यात हे निरोप सूक्ष्म प्रमाणात असतात, शिवाय तीन प्रकारची आणखी द्रव्यं असतात. पहिली, अल्जिनेटसारखी चिकट शर्करायुक्त द्रव्यं. ती मातीत ओल धरून ठेवायला आणि मुळांजवळच्या सूक्ष्मजीवांना मदत करतात. दुसरी, लॅमिनारिन किंवा कॅराजीनन यांच्यासारखी. रोगाची चाहूल लागावी तशी ती झाडाची संरक्षणव्यवस्था जागी करतात. तिसरी, बीटेन, ती ताणाच्या काळात पेशीतलं पाणी टिकवायला आणि हरितद्रव्य लवकर नष्ट होऊ न द्यायला हातभार लावतात. परिणाम असा, की नव्या रोपाची मुळं जास्त फुटतात, नत्र पचवणाऱ्या विकरांचं काम वाढतं, चयापचयाला गती येते. उन्हाचा, पाण्याच्या तुटवड्याचा ताण असलेल्या झाडावर हा फरक अधिक दिसतो. सगळं पुरेसं मिळणाऱ्या झाडावर कधी दिसतही नाही. बोस यांच्या अशक्त आणि सशक्त रोपांची आठवण होते ना?

हे काही एकदम नवीन नाही. युरोपच्या किनाऱ्यावरचे शेतकरी वाहून आलेलं शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या शेतात घालत आले. १९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये त्याचा पातळ अर्क विकायला आला. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस नावाचं शेवाळ ताजं असताना पिळून त्याचा रस खतासाठी आणि चोथा कॅराजीननसाठी वापरण्याची पद्धत विकसित केली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याची शेती होते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा वेगळा वर्ग केला, त्यात समुद्रशेवाळाचे अर्क आले. तेव्हा बाटली घेताना लेबल वाचा, आणि ते खताला पर्याय नाही हे ध्यानात ठेवा. जेवण न देता नुसतं टॉनिक पाजून पोर धष्टपुष्ट होत नाही.

आणि समुद्र लांब आहे म्हणाल, तर आपली वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळतेच की. आपल्या रानातली माती समुद्रात जाते. समुद्रातलं थोडं आपल्याकडे परत येतं, इतकंच.

वर्गात करून बघा

१. खराट्याची सरळ काडी घ्या. टाचणीने ती अशी टेकवा, की एक बाजू १ सेंटीमीटर आणि दुसरी २० सेंटीमीटर राहील. आखूड टोकाचा दोरा वालाच्या रोपाच्या शेंड्याला हलकेच बांधा. लांब बाजूच्या वजनाने शेंडा ओढला जाऊ नये म्हणून आखूड बाजूला मातीची छोटी गोळी लावून तोल साधा. दोरा जेमतेम ताठ राहिला पाहिजे. मागे आलेखाचा कागद लावा. वीसपट वाढ दिसेल. शेंडा वर गेला की लांब टोक खाली सरकेल. शाळा सुटेपर्यंत मुलांना झाड वाढताना दिसलेलं असेल.

२. एकाच वयाची, एकाच मातीतली १५ रोपं घ्या, पाच-पाचचे तीन गट करा. पहिल्या गटाला साधं पाणी, दुसऱ्याला लेबलवर लिहिल्याप्रमाणे अर्क, तिसऱ्याला तिप्पट. पाण्याचं माप तिघांना सारखंच. अर्क मोठ्यांनी मिसळावा. कुंड्यांवर फक्त क्रमांक टाका. कोणता गट कोणता हे मोजणाऱ्या मुलांना कळू देऊ नका. महिनाभर दर आठवड्याला उंची, पानं आणि खोडाची जाडी लिहा, मग सरासरी काढा.

निकाल काहीही येवो, तो खरा लिहून फळ्यावर लावा. फरक पडला नाही, हाही निकालच आहे. अपेक्षित उत्तर मिळावं म्हणून मुलाने आकडा बदलला, तर तो प्रयोग नापास.

जगदीशचंद्र बोस २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे गेले. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा उरला होता. त्यांची संस्था आजही कोलकात्यात काम करते आहे. या जयंतीला हार घालून झाला, की एक काडी, एक दोरा आणि एक रोप टेबलावर ठेवा. त्या बाबांनाही शाळेत बोलवा. उत्तर आपण सांगण्यापेक्षा त्यांच्या लेकीने मोजून सांगितलेलं त्यांना जास्त पटेल.

तुमच्या शाळेत प्रयोग केलात तर आकडे जरूर कळवा.